खाजणाचा बांध

दिवाळीच्या पहाटे गोव्यात घरोघर पोहे होतात. गुळाचे, ताकातले, नारळाच्या रसातले. पण गोव्यातले काही भात भरतीच्या पाण्याहूनही सखल जमिनीत पिकते, हे खाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? त्या जमिनीला खाजण म्हणतात. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या काठी अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन माणसाने खाऱ्या पाण्याकडून मागून घेतली आहे.

हे मागणे फार जुने. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्म्याचा एक ताम्रपट बांदोडे येथे मिळाला. त्यात खाजण जमीन दान दिल्याचा आणि खारे पाणी अडवायला बांध घालण्याचा उल्लेख आहे. हा लेख साधारण सहाव्या शतकातला. म्हणजे पोर्तुगीज गलबते दिसण्याच्या कितीतरी शतके आधीचा.

बांध चिखलमातीचा, लाटांच्या बाजूने जांभ्या दगडाचा. त्यात लाकडी दारांची मोरी असते. तिचे नाव मानस. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दार मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी ते उघडते. कुणी हात लावायला नको! पावसाच्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुट भात पेरायचे. उरलेला खारटपणा ते मुकाट्याने सोसते. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरायची. त्या मासळीचा लिलाव होई आणि त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी चाले.

ह्या सगळ्याचा खरा शत्रू लाट नव्हे, कुर्ली. तिच्या बिळातून पाणी झिरपू लागते, बीळ वाढते आणि एखाद्या मोठ्या भरतीला बांध बसतो. म्हणून बांधावर कुणाची तरी रोज नजर हवी. ती व्यवस्था गांवकरीकडे होती. १५२६ साली पोर्तुगीजांनी गांवकरीचे रीतिरिवाज लिहून काढले, ते नवे घडवण्यासाठी नव्हे. आधीचेच मान्य करून सारा वसूल करण्यासाठी. तरी गांवकरी म्हणजे रामराज्य होते असे मात्र कुणी समजू नये. चिखल उपसणारे हात एकांचे आणि नफ्याचा वाटा बहुधा दुसऱ्यांचा, असाच तो कारभार होता.

खाजणाच्या शेजारी सुसरीचा भाऊबंद मगरही राहतो. मांडवी आणि जुवारी ह्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात तो आजही आहे, निमखाऱ्या पाण्यात. दुर्भाटसारख्या गावी पौष अमावास्येला शेतकरी चिखलाचा मगर थापून त्याची पूजा करतात. तिला मानगे थापणी म्हणतात. ज्याच्या भीतीने पाण्यात पाय घालवत नाही, त्यालाच बांधाचा राखणदार मानायचे! मला ह्या पूजेत भाबडेपणापेक्षा शेजारधर्मच अधिक दिसतो.

१९६१ नंतर काळ पालटला. १९६४ च्या कूळकायद्याने आणि त्यापुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला हक्क मिळाले. ते न्याय्यच झाले. पण शेत ज्याचे त्याचे झाले तरी बांध सगळ्यांचाच राहिला आणि सगळ्यांचा म्हणजे हळूहळू कुणाचाच नाही. कूळसंघ निघाले, काही जागे राहिले, पुष्कळ झोपले. खनिजाने भरलेल्या बार्जांच्या लाटा बांध पोखरीत गेल्या. तरुण पोरे नोकरीला लागली. मानशीच्या मासळीला भातापेक्षा भाव आल्यावर कित्येक ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले.

आणि आता खुद्द समुद्रच चढतो आहे. १९९३ ते २०१७ ह्या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली. आकडा तांदळाच्या दाण्याहून लहान. पण पूर्वी अशा वाढीला उत्तर म्हणून बांधावर दरवर्षी चिखलाचा थर चढे. तो थर आता कित्येक ठिकाणी चढत नाही. बांध एकदा फुटला की दोनचार पावसाळ्यांत शेतात खारफुटी उभी राहते. तिला कायद्याचे संरक्षण आहे, परवानगीवाचून तोडता येत नाही. मासे आणि पक्षी तिच्या आश्रयाला येतात; बांधावर उभा राहिलेला म्हातारा शेतकरी मात्र त्या झाडांतून आपल्या शेताची मेर कुठे होती ते बोटाने दाखवीत राहतो.