परसातला निशिगंध

इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून वर्डस्वर्थच्या डॅफोडिलची ओळख आपल्याकडील मुलांना झाली; ते फूल मात्र गोव्यात रुजले नाही. त्याच्या कांद्याला फुलोरा धरण्यासाठी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. पेडणे-डिचोलीच्या हिवाळ्यात ती कोठून यावी? काश्मिरात त्याचा भाऊबंद नर्गिस फुलतो. आपल्या परसात कांद्यापासून वाढणाऱ्या सुगंधी फुलाचा मान निशिगंधाने घेतला. जुन्या पिढीच्या तोंडचा गुलछबू तो हाच.

निशिगंध अस्सल देशी अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः तो मेक्सिकोचा. तेथील अझ्टेक लोक त्याला 'ओमिशोचित्ल', म्हणजे हाडफूल, म्हणत. नाव काहीसे भयाण खरे; पण पाकळीचा तो मेणचट पांढरेपणा दुसऱ्या शब्दात पकडणे कठीण. १५२१ मध्ये स्पेनने मेक्सिको जिंकल्यानंतर तो युरोपात गेला व युरोपी जहाजांच्या वाटेनेच भारतात आला. 'ट्यूबरोज' या नावाचाही गुलाबाशी संबंध नाही. 'गड्डेदार' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाचे ते रूप. अलीकडे तर वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला घायपाताच्या वंशात घातले आहे. बांधावरचा काटेरी घायपात आणि देव्हाऱ्यातली ही छडी एकाच कुळीची!

जुन्या काबिजादीत इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरितांना घरी तुळस लावण्याचीही मनाई केली होती. डिचोली व पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे १७८८ मध्ये, पोर्तुगिजांकडे आले. तोवर धोरण सैलावले होते. नव्या काबिजादीतील देवस्थाने आणि रीतिरिवाज यांना अभय मिळाले. अंगणातले वृंदावन टिकले आणि दर्यावर्दी व्यापाराने आलेले परदेशी फूल पूजेच्या तबकात विनातक्रार शिरले. आपल्या घराण्यांचा सोवळेपणा जगजाहीर. तरी फुलाचे मूळ गाव कोणी विचारले नाही, याचे मला कौतुक वाटते.

निशिगंध बियांऐवजी कांद्यांपासूनच वाढवतात. त्यामुळे माहेराहून ओटीत आलेला कांदा हा आजीच्याच झाडाचा जिवंत तुकडा असतो. बाजारात आज 'प्रज्वल'सारखे संकरित वाण मिळतात, दुहेरी पाकळ्यांचेही मिळतात. दुहेरी फूल गुच्छात शोभते, पण सुवासात एकेरीची सर त्याला नाही. जुन्या परसातले एकेरी निशिगंध घराच्या वाटण्या झाल्या, जमीन विकली गेली, की जेसीबीच्या एका फेरीत नाहीसे होतात. २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनीला आलेले मोल सर्वांना ठाऊक आहे.

ज्यांच्याकडे जुने ताटवे आहेत त्यांनी पाने पिवळी पडल्यावर गड्डे खणून काढावेत, सावलीत सुकवावेत, आणि मोठे कांदे मृगापूर्वी उंच वाफ्यात वीतभर अंतराने लावावेत. आपला पाऊस धो धो. पाणी साचले की कांदा कुजतो. बारीक पिल्ले फेकू नयेत. त्यांना फूल यायला एखादे वर्ष अधिक लागते, एवढेच. शेजारच्या घरी द्यायला तीच उत्तम.