शीव, हरकत आणि नागरिक

सीमा बदलल्या की काय घडते, याचा अनुभव जबलपूरला जुना आहे. १७९८ ते १८१७ या काळात हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते; १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाल्यावर ते पुन्हा नागपूरशी जोडले गेले. १९५५ मध्ये राज्यपुनर्रचना आयोगाने नव्या मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून जबलपूरची शिफारस केली. १९५६ मध्ये राजधानी झाली भोपाळ, आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. राज्यांच्या सीमांची ही कथा अभ्यासकांना परिचित आहे. मतदारसंघांच्या सीमांचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. वास्तविक सामान्य माणसाच्या मताचे मोल पुष्कळसे त्याच सीमांवर अवलंबून असते.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ‘जबलपूर उत्तर’ आणि ‘मंडला–जबलपूर दक्षिण’ असे दोन लोकसभा मतदारसंघ होते; त्यांपैकी दुसरा द्विसदस्यीय होता. त्या वेळच्या सीमा राष्ट्रपतींच्या आदेशांनी ठरल्या, परंतु त्यांत फेरफार करण्याचा अधिकार संसदेकडे होता. म्हणजे ज्यांना निवडणूक लढवावयाची, त्यांच्याच हाती रेषा हलविण्याची मुभा होती. हा दोष टाळण्यासाठी १९५२ च्या कायद्याने स्वतंत्र परिसीमन आयोगाची योजना केली आणि त्याचा निर्णय अंतिम ठरविला.

या अंतिमतेची कसोटी मध्य प्रदेशातीलच एका प्रकरणात लागली. २४ जुलै १९६४ च्या अधिसूचनेने उज्जैनचा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. तेथील रहिवासी मेघराज कोठारी यांनी तिला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली, आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील अमान्य केले. प्रसिद्ध झालेल्या आदेशास कायद्याचे बळ असते, आणि असे आदेश न्यायालयांत अडकत राहिले तर निवडणुकाच खोळंबतील, असा त्यामागील विचार होता. तो अयोग्य म्हणता येणार नाही. कोठारींची तक्रार कितपत न्याय्य होती, याविषयीही मतभेद संभवतात. पण सत्ताधाऱ्यांना बाहेर ठेवण्यासाठी लावलेले दार नागरिकासाठीही बंद झाले, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे.

नागरिकासाठी उरली ती निर्णयापूर्वीची सुनावणी. २००२ च्या कायद्यानुसार आयोगाने आपले प्रस्ताव प्रसिद्ध करावयाचे, हरकती व सूचना विचारात घ्यावयाच्या आणि जाहीर बैठका भरवावयाच्या असतात. राज्यातील खासदार-आमदारांपैकी दहा सहयोगी सदस्य असतात. त्यांना मताधिकार नसतो. ही व्यवस्था पारदर्शक भासते. तथापि मान्य न झालेल्या प्रत्येक हरकतीचे उत्तर, कारणांसह, देण्याचे बंधन तीत नाही.

कारणांची गरज कोठे आहे, हे जबलपूर जिल्ह्यातच पाहता येते. २००८ मध्ये अमलात आलेल्या रचनेत या जिल्ह्यात आठ विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यांपैकी सिहोरा अनुसूचित जमातींसाठी, तर जबलपूर पूर्व अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. जमातींच्या जागा त्यांचे प्रमाण सर्वाधिक असेल तेथे द्यावयाच्या, हा बहुतांशी गणिताचा प्रश्न होय. जातींच्या जागा मात्र प्रमाण पाहून, शिवाय राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखरून द्यावयाच्या असतात. येथे गणिताबरोबर तारतम्य येते. आणि जेथे तारतम्य आले, तेथे कारण विचारण्याचा हक्कही आलाच.

मराठी माणसाला ही अपेक्षा परकी वाटू नये. मराठा अमदानीत शिवेचा तंटा गोतसभेपुढे येई. उभय पक्षांच्या तकरिरी, साक्षी आणि निवाडा मजहरात लिहिला जाई; अक्षर न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी. गोतसभा काही समतेचे सभागृह नव्हते. जातींची उतरंड तेथेही होतीच. तरीही हरलेल्या पक्षाला आपण का हरलो, हे त्या कागदात सापडे. आजच्या राजपत्रात रेषा सापडते, कारण सापडत नाही.

२०२४ मध्ये गुजरातमधील बारडोली मतदारसंघाच्या आरक्षणाबाबत किशोरचंद्र राठोड यांनी केलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की परिसीमनाचा आदेश उघडउघड मनमानी आणि घटनात्मक मूल्यांशी विसंगत असेल, तर तो तपासण्यास न्यायालयांना पूर्ण मज्जाव नाही. १९६६ मध्ये लागलेले दार असे किंचित किलकिले झाले. पण न्यायालय ही शेवटची पायरी होय. ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांचे गोठविलेले वाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविले होते. तो टप्पा आता समोर आहे. या वेळी नागरिकांनी हरकत नोंदवून थांबू नये. तिचे उत्तर कारणांसह आणि लेखी मागावे. ज्या रेषेचे कारण सांगता येत नाही, ती शीव नव्हे, नुसती ओढलेली रेघ होय.