केक्लिऑन : खेळातला रंगबदलू आणि आपला घोयरा

कोल्हापूर - रंग बदलणारा प्राणी म्हटले, की मराठी माणसाला सरडा आठवतो आणि त्यापाठोपाठ एखादा पुढारी. शाळकरी मुलांना विचारले, तर मात्र उत्तर 'केक्लिऑन' असेही येऊ शकते. 'पोकेमॉन' या जपानी व्हिडिओ गेम मालिकेतील हा सरड्यासारखा जीव. त्याचा क्रमांक, प्रकार आणि ताकद अनेक मुलांना तोंडपाठ असते. तो ज्याच्यावरून सुचला, तो खरा प्राणी आपल्या दख्खनच्या झुडपांतही राहतो. पण त्याची ओळख फारच थोड्यांना आहे.

खेळाचा उगम

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. टोकियोजवळच्या त्यांच्या गावाभोवतीची शेते आणि तळी शहर वाढत गेले तशी नाहीशी झाली. किडे शोधण्याचा, पकडण्याचा आणि मित्रांशी अदलाबदल करण्याचा तो आनंद पुढच्या पिढीला मिळावा, या कल्पनेतून त्यांचा खेळ आकाराला आला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी मालिकेतील पहिले दोन खेळ जपानमध्ये विक्रीस आले. भारतात २००३ पासून 'कार्टून नेटवर्क' वाहिनीवरील मालिकेमुळे हे जीव घराघरांत पोचले.

केक्लिऑनची ओळख

केक्लिऑन प्रथम दिसला तो नोव्हेंबर २००२ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झालेल्या 'रुबी' आणि 'सफायर' या खेळांत. पोकेमॉनच्या राष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक ३५२ आहे. उंची एक मीटर, वजन २२ किलो, अंग हिरवे आणि शेपटी गुंडाळलेली. जपानी भाषेत त्याचे नाव 'काकुरेऑन' असे आहे. 'काकुरेरु' म्हणजे लपणे. त्याला 'शॅमेलिऑन' या शब्दाची जोड देऊन ते तयार झाले.

सारे अंग अदृश्य करण्याची कला त्याला अवगत असली, तरी पोटावरचा लाल नागमोडी पट्टा काही लपत नाही. 'रुबी' आणि 'सफायर'मध्ये तो वाटेत अदृश्य उभा राहतो. खेळणाऱ्याला समोर मोकळा रस्ता दिसतो, पण पाऊल पुढे पडत नाही. 'डेव्हॉन स्कोप' नावाचे उपकरण हाती आल्यावरच हा अडथळा उघडा पडतो.

लढतीतही रंगबदल हेच त्याचे वैशिष्ट्य. पोकेमॉनमध्ये पाणी, अग्नी, वीज, गवत असे प्रकार असतात आणि प्रत्येकाला कोणता ना कोणता प्रकार भारी पडतो. केक्लिऑन मुळात 'नॉर्मल' प्रकारचा. मात्र त्याच्यावर पाण्याचा हल्ला झाला, की तो पाण्याच्या प्रकारचा होतो. त्यामुळे तोच हल्ला पुन्हा केल्यास त्याचा जोर कमी पडतो. परंतु चतुर प्रतिस्पर्धी लगेच विजेचा मारा करतो आणि नवा रंगच केक्लिऑनच्या अंगाशी येतो. २०१३ मध्ये आलेल्या 'एक्स' आणि 'वाय' या खेळांपासून त्याला 'प्रोटिअन' ही दुसरी क्षमता मिळाली. तीत तो स्वतः जो हल्ला करील, त्या प्रकारचा बनतो.

'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरील खेळ २०१६ मध्ये आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो भारतात अधिकृतपणे सुरू झाला. त्यात केक्लिऑनची वाट पाहण्यात चाहत्यांची अनेक वर्षे गेली. अखेर जानेवारी २०२३ मध्ये तो आला, तोही अदृश्य रूपात, खेळातील थांब्यांवर दडून!

खरा रंगबदलू

भारतात आढळणारी शॅमेलिऑनची जात 'कमेलिओ झेलॅनिकस' या शास्त्रीय नावाने ओळखली जाते. मराठीत त्याला 'घोयरा' म्हणतात. कुंपणावर मान हलवताना दिसतो तो घोयरा नव्हे. तो बागेतला साधा सरडा. विणीच्या हंगामात त्याच्या नराचे डोके आणि गळा लाल होतो, म्हणून दोघांची गल्लत होते. घोयऱ्याचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते, बोटे फांदी पकडण्यासाठी चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली असतात आणि दोन डोळे एकाच वेळी दोन दिशांना फिरतात. जीभ शरीराहून लांब फेकून तो किडे टिपतो.

रंगबदलाचे गूढ २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी उलगडले. मादागास्करमधील एका जातीचा त्यांनी अभ्यास केला. तिच्या कातडीतील विशिष्ट पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने मांडलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात. कातडीतील पिवळ्या रंगद्रव्याशी मिळून तो हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला, की स्फटिकांमधील अंतर वाढते आणि पिवळा, नारिंगी, तांबडा रंग उमटतो.

म्हणजेच शॅमेलिऑन मागचा देखावा पाहून हवा तो रंग धारण करतो, हा समज खरा नाही. त्याचा रंग प्रामुख्याने राग, भीती, मीलनाची इच्छा आणि ऊन-थंडी यांनुसार बदलतो. मराठीने सरड्याला दगाबाजीचे प्रतीक केले. प्रत्यक्षात शॅमेलिऑन रंगातून मनातले लपवत नाही, तर उघड सांगतो.

गैरसमजाची किंमत

घोयरा विषारी असल्याच्या समजुतीने तो मारला जातो. वस्तुतः माणसाला बाधेल असे विष त्याच्याकडे नाही आणि किडे खात असल्याने तो शेतकऱ्याच्या उपयोगाचाच आहे. झाडावरून उतरून रस्ता ओलांडताना तो झुलत झुलत, एकेक पाऊल तोलत चालतो. फांदीवर ही चाल त्याला पानासारखी लपवते. डांबरी रस्त्यावर तीच जिवावर बेतते. मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर येते, तेव्हा हा धोका तिलाही असतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हा प्राणी संरक्षित आहे. त्याला पकडणे, पाळणे किंवा विकणे गुन्हा ठरतो. रस्त्यात तो दिसल्यास वाहन थांबवून त्याला पलीकडे जाऊ द्यावे. जखमी असल्यास वनखात्याला किंवा जवळच्या सर्पमित्राला कळवावे.

खेळातला केक्लिऑन हरला, तरी पुढच्या लढतीला पुन्हा उभा राहतो. रस्त्यावरच्या घोयऱ्याला ती सवलत नाही. ताजिरींच्या किड्यांची शेते गेली आणि त्यांच्या जागी एक खेळ आला. आपल्या माळांवर घोयरा अजून आहे, तोवर मुलांना क्रमांक ३५२ सोबत त्याचीही ओळख करून द्यायला हवी.