उशिरा उमटलेली अक्षरे



निवृत्तीनंतर काही काळ मी येथील वाडी भागात प्रौढांच्या साक्षरता वर्गात शिकवीत असे. “सर, पिकल्या केसांच्या डोक्यात अक्षरं शिरतील का हो?” असे एका वृद्ध बाईंनी मला विचारले. मी “शिरतील” म्हणालो खरा. परंतु त्या उत्तरात आधारापेक्षा सौजन्यच अधिक होते. तो आधार आज मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो.

पहिला आधार आपल्या नगरीच्या इतिहासातला. १८७५ साली कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातील बारा वर्षांचे गोपाळराव बडोद्याच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. इलियट यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. पुढे याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सक्ती सर्व राज्याला लागू केली. मुलांसाठी या सक्तीची मर्यादा बाराव्या वर्षापाशी संपत असे. म्हणजे महाराजांचे स्वतःचे शिक्षण जेथे सुरू झाले, नेमकी तेथेच!

दुसरा आधार विज्ञानातला. माणूस स्वस्थ पडून असतानाही मेंदूच्या दूरदूरच्या भागांतील रक्तप्रवाहाचे संकेत एकाच लयीत चढतात-उतरतात, असे १९९५ मध्ये भरत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. ही लय संगणकाने मोजून कोणते भाग परस्परांशी जोडून काम करतात, याचा अंदाज बांधता येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हीच रीत लखनौजवळच्या खेड्यांतील सुमारे तीस निरक्षर प्रौढांसाठी वापरली गेली. त्यांतील काहींना सहा महिने देवनागरी वाचन शिकविले, इतरांना नाही. शिकलेल्यांच्या मेंदूत दृष्टीचे बाह्य केंद्र आणि खोलवरचे थॅलॅमस व मध्यमेंदू यांतील लय अधिक जुळलेली आढळली. ज्यांचे वाचन अधिक सुधारले, त्यांच्यात ती अधिक जुळली होती.

येथे संयम हवा. तीस माणसे म्हणजे अवघी मानवजात नव्हे. आणि लय जुळली म्हणजे एकाने दुसऱ्याला चालविले, असेही सिद्ध होत नाही. निरक्षर मनुष्य बुद्धीने उणा असतो, असा अर्थ तर मुळीच काढू नये. भाजीचा हिशेब त्या बाई माझ्याआधी तोंडी करीत. एवढे मात्र म्हणता येते की, आपण ज्या देवनागरीला केवळ परंपरा मानतो, ती प्रौढ वयातही मेंदूची घडण बदलू शकते.

त्या बाई दिवाळीपर्यंत आपले नाव लिहू लागल्या. पुढे पुरेसे विद्यार्थी नसल्याच्या सबबीवर तो वर्ग बंद पडला.

मित्रहो, या शाळेच्या खोल्या सायंकाळी रिकाम्या असतात. बाराव्या वर्षी ‘श्रीगणेशा’ गिरविणाऱ्या राजाच्या नगरीत त्यांतील एका खोलीत दिवा लागावा, एवढीच माझी नम्र विनंती आहे.