साखळीची टाकी
नांदेडमधील एका जुन्या बंगल्यात शौचकूपावरची साखळीची बिडाची टाकी अहोरात्र गळताना आम्ही पाहिली. मालक ती मोडीत काढणार होते. वास्तविक एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ही रचना रूढ झाली ती पाण्याची नासाडी थांबविण्यासाठीच! तिच्या तळाला झडप नसते. साखळी ओढून सोडली की आतील जड घंटा खाली आदळते, पाणी उभ्या नळीत चढते आणि वक्रनलिकेच्या न्यायाने सारी टाकी रिती होते. मग गळती कोठून? तरंगत्या गोळ्याच्या तोटीतील वायसर झिजला होता. भरलेले पाणी नळीच्या तोंडावरून ओसंडत होते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, याचे आम्ही मालकांना स्मरण दिले. वायसर बदलला. मालकांनी साखळीला नवी मूठही बसविली.