खाडा न करता लेखन शिकावे कसे?

आमचे शिक्षण रात्रशाळेच्या बाकावर जेवढे झाले तेवढेच. पुढचे आम्ही गेटसभा, लवादाचे निवाडे आणि ग्रंथालयातली पुस्तके यांतून शिकलो. असा मनुष्य अमेरिकेतल्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा इतिहास सांगावयास उभा राहतो, याचे तुम्हांस नवल वाटेल. परंतु ह्या इतिहासाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो आम्ही तीस वर्षे कामगारांच्या तोंडून ऐकत आलो आहोत : शिकायचे आहे, पण रजा कोण देतो?

ललित लेखन शिकवता येते काय, हा वाद जुना आहे आणि त्यात आम्ही शिरणार नाही. सुताराच्या पोराला रंधा धरायला शिकवतात. घडवायचे काय, ते त्याचे त्याने ठरवायचे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 1936 साली लेखनाची कार्यशाळा रीतसर सुरू केली, आणि पुढे ठिकठिकाणच्या विद्यापीठांनी तिचा कित्ता गिरवला. रीत चांगली होती. मात्र तिच्यात एक अट गृहीत धरलेली होती. विद्यार्थ्याने दोन वर्षे त्या गावी जाऊन राहिले पाहिजे. ज्याच्या हाताला नोकरी आहे, जिच्या कडेवर मूल आहे, त्यांनी काय करावे?

याचे उत्तर एका लहानशा कॉलेजातून आले. व्हर्मॉन्ट राज्यातल्या प्लेनफील्ड गावी, एका जुन्या शेतवाडीवर, 1938 साली गॉडर्ड कॉलेज उभे राहिले. त्याचे पहिले अध्यक्ष रॉयस पिटकिन हे जॉन ड्यूईच्या विचारांत वाढलेले. प्रत्यक्ष जगण्यातून शिक्षण घडते, अशी त्यांची श्रद्धा. ह्याच कॉलेजात एव्हलिन बेट्स नावाच्या बाईंनी प्रौढांसाठी एक योजना आखली आणि ती 1963 साली अंमलात आली. सहा महिन्यांतून एकदा सुमारे दोन आठवडे कॉलेजात येऊन राहायचे, शिक्षकाबरोबर बसून पुढील अभ्यासाचा आराखडा ठरवायचा, आणि मग घरी जाऊन, आपापली कामे सांभाळून, तो पुरा करायचा. अर्ध्यावर शाळा सुटलेल्यांना हे दार उघडले.

त्याच दारातून 1976 साली एलन ब्रायंट व्हॉइट ह्या कवयित्रीने ललित लेखनाचा पदव्युत्तर वर्ग आत नेला. अशा पद्धतीने चालणारा हा पहिलाच लेखनवर्ग. सुरुवातीच्या शिक्षकांत लुइझ ग्लूक होत्या, ज्यांना 2020 साली साहित्याचे नोबेल मिळाले.

हा वर्ग चालतो कसा, ते जरा सावकाश सांगतो, कारण गंमत तिथेच आहे. वर्षातून दोनदा, हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, दहा-एक दिवस सारे जमतात. सकाळी व्याख्याने, दुपारी एकमेकांच्या लिखाणाची चिरफाड, रात्री वाचन. निघण्यापूर्वी प्रत्येकाला एक शिक्षक नेमून दिला जातो. मग सगळे पांगतात. पुढचे सहा महिने तीन-चार आठवड्यांनी विद्यार्थी एक पाकीट टपालात टाकतो. त्यात नवे लिखाण, जुन्याची दुरुस्ती आणि वाचलेल्या पुस्तकांवरचे टिपण. शिक्षक त्यावर पानेच्या पाने पत्र लिहितो. वर्गातल्या शेऱ्याला विद्यार्थी विसरतो, पण पत्र उशाशी राहते. आता टपालाची जागा संगणकाने घेतली, तरी पत्र लिहिण्याची रीत टिकून आहे.

हे स्वस्तात पडते असे मात्र समजू नका. आठवड्याला 25 तास लेखन-वाचनाला द्यावे लागतात असे हे वर्ग बजावतात. म्हणजे रोजचे साडेतीन तास. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले, ही मागणी आमच्या चळवळीची; त्या शेवटच्या आठांतून प्रवास आणि स्वयंपाक वजा केला तर काय उरते, ते इथे बसलेल्या भगिनींना विचारा. शिवाय फी हजारो डॉलरांची. रजेचा प्रश्न ह्या मंडळींनी सोडवला, पैशाचा सोडवला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही ह्या वाटेने कोण आले ते पाहा. मेरी कार ह्या गॉडर्डच्या पदवीधर. त्यांचे वडील टेक्सासात तेलशुद्धीच्या कारखान्यात कामगार होते. दोस्तमंडळी जमली की ते थापा आणि किस्से रंगवीत, आणि लहानगी मेरी कोपऱ्यात बसून ऐके. 1995 साली आलेल्या 'द लायर्स क्लब' ह्या त्यांच्या आत्मकथनाचे नाव त्या कोंडाळ्यावरूनच पडले. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर जे चालते, तेच हे साहित्य! आम्ही ते हजारदा ऐकले आणि एकदाही उतरवून घेतले नाही.

गॉडर्डचे पुढे बरे झाले नाही. पैशाची चणचण कायमची. 1981 साली लेखनवर्ग उत्तर कॅरोलायनातल्या वॉरन विल्सन कॉलेजात गेला, आणि प्रौढांचा वर्ग दुसऱ्या विद्यापीठाने विकत घेतला. गॉडर्डने पुन्हा आपला लेखनवर्ग उभा केला, इतर कॉलेजांनीही नक्कल केली. पण मूळ घर खचत गेले. सत्तरीच्या दशकारंभी तिथे 1,900 वर विद्यार्थी होते, ते 2024 साली 220 च्या आसपास उरले. 2023 साली तिथल्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी संप केला. संप करणाऱ्यांचे आम्ही नेहमीच ऐकून घेतो, आणि घर बुडत असताना जेवणघर व कचेरी सांभाळणाऱ्यांनीच पोट आवळावे हे आम्हांला कधीच पटलेले नाही. 2024 च्या वसंतात कॉलेज बंद होत असल्याचे जाहीर झाले.

आमच्या संघटनेत रातपाळीचा एक फिटर आहे. हजेरीच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर तो गोष्टी लिहितो. हा सगळा इतिहास आम्ही त्याला सांगितला. त्याने दोनच प्रश्न विचारले. दहा दिवसांचा पगार कापतात का? आणि ते पत्र मराठीत लिहील असा कोणी आहे का? पहिल्याचे उत्तर आम्ही दिले. दुसऱ्यासाठी त्याची वही आम्ही सोबत आणली आहे. ह्या सभागृहात लिहिणारी मंडळी पुष्कळ बसली आहेत, व्याख्यान संपल्यावर दाराशी भेटावे.