बाहेरचा नेता आणि निराश मतदार : आंध्र प्रदेश, १९८२ ते १९९५



आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. राजकारणाबाहेरून आलेला, कधी ग्रामपंचायतीलाही उभा न राहिलेला माणूस स्वतःचा पक्ष काढतो आणि प्रस्थापितांना विटलेले मतदार त्याच्यामागे जातात, असं होऊ शकतं का? होऊ शकतं, कारण झालेलं आहे. म्हणून आपण प्रश्न थोडा वळवून विचारू. ते मतदार त्या माणसाने जिंकले, की ते आधीच सुटलेले होते आणि त्याच्या दारात येऊन थांबले? निकालाच्या दिवशी या दोहोंतला फरक दिसत नाही. तो नंतर, सत्तेत बसल्यावर दिसतो.

उदाहरण एकच घेऊ, पण नीट घेऊ. नंदमुरी तारक रामाराव. २९ मार्च १९८२ला त्यांनी हैदराबादेत तेलुगू देसम पक्ष जाहीर केला. ९ जानेवारी १९८३ला ते मुख्यमंत्री झाले. मध्ये जेमतेम साडेनऊ महिने. २९४ जागांच्या विधानसभेत दोनशेच्या वर जागा. पक्ष इतका नवा, की मान्यता नसल्यामुळे त्याचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या नोंदीत अपक्ष म्हणून सापडतात. राज्य निर्माण झालं १९५६मध्ये आणि तेव्हापासून तिथे काँग्रेसखेरीज कुणाचं सरकार आलेलं नव्हतं. आणीबाणीनंतर, १९७७मध्ये, उत्तर भारतात काँग्रेस धुऊन निघाली, तेव्हाही आंध्रने ४२पैकी ४१ खासदार काँग्रेसचे दिले होते. एकटे नीलम संजीव रेड्डी नंद्यालमधून जनता पक्षातर्फे आले. अशा राज्यात हे घडलं.

याचं तयार उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे : सिनेमा. पडद्यावर कृष्ण, पडद्यावर राम. भोळ्या लोकांनी देव समजून मतं दिली. हे उत्तर आम्हाला कधीच पटलेलं नाही. एक तर त्यात मतदाराबद्दल तुच्छता आहे. दुसरं म्हणजे ते पडताळून पाहिलं तर टिकत नाही. शिवाजी गणेशन काही लहान नट नव्हते. ते स्वतःचा पक्ष घेऊन १९८९मध्ये तमिळनाडूत उतरले आणि तिरुवैयारूमध्ये स्वतःच पडले. खुद्द आंध्रात चिरंजीवींनी २००८मध्ये प्रजाराज्यम काढला. गर्दी अफाट, पण २००९मध्ये २९४पैकी १८ जागा, आणि २०११मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये विलीन. (एम. जी. रामचंद्रन यांचं नाव इथे नेहमी घेतलं जातं, पण ते बाहेरचे नव्हेतच. १९७२मध्ये स्वतःचा पक्ष काढण्याआधी त्यांची जवळजवळ वीस वर्षं द्रमुकमध्ये गेली होती.) म्हणजे प्रसिद्धीने माणसं सभेला येतात. मत देण्यासाठी दुसरं काहीतरी लागतं.

ते दुसरं काय, हे शोधायचं तर रामाराव बाजूला ठेवून त्यांच्या आधीची चार वर्षं पाहावी लागतात. १९७८मध्ये चेन्ना रेड्डी मुख्यमंत्री झाले. १९८०मध्ये दिल्लीने त्यांना बदललं आणि कामगार चळवळीतून आलेले टी. अंजय्या यांना बसवलं. गटागटांना खूश करता करता त्यांचं मंत्रिमंडळ साठच्या वर गेलं. फेब्रुवारी १९८२मध्ये राजीव गांधी हैदराबादला आले. तेव्हा ते नुसते खासदार होते. बेगमपेट विमानतळावर अंजय्यांनी ढोलताशे, हारतुरे, गर्दी असं जंगी स्वागत ठेवलं. ते पाहून राजीव गांधी चिडले आणि त्यांनी मुख्यमंत्र्यांची सगळ्यांसमक्ष खरडपट्टी काढली. त्याच महिन्यात अंजय्या गेले आणि भवनम वेंकटराम आले. सप्टेंबरमध्ये तेही गेले आणि कोटला विजयभास्कर रेड्डी आले. पाच वर्षांत चार मुख्यमंत्री, आणि एकही बदल विधानसभेत ठरलेला नाही.

आता गंमत बघा. अंजय्या काही फार लोकप्रिय नव्हते. त्यांच्या त्या भल्यामोठ्या मंत्रिमंडळाची लोक टिंगल करीत. पण आपल्या घरातल्या माणसाला आपण हसणं वेगळं आणि बाहेरच्याने त्याला चारचौघांत झापणं वेगळं. रामारावांनी या दुखण्याला एक शब्द दिला : आत्मगौरवम्. तेलुगू माणसाचा आत्मसन्मान. कार्यक्रम पत्रिका, समित्या, ठराव हे सगळं नंतर आलं. एका जुन्या शेव्हरोले गाडीची ‘चैतन्य रथम्’ केली, सारथ्याला मुलगा हरिकृष्ण, अंगात खाकी कपडे, आणि माणूस महिनोन्‌महिने रस्त्यावर. रामोजी रावांचा ‘ईनाडू’ तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याने हा प्रवास रोजच्या रोज घरोघर पोहोचवला. शिवाय कृष्णा-गोदावरीच्या पट्ट्यात शेती आणि व्यापारात वर आलेल्या कम्मा समाजाला काँग्रेसमधल्या रेड्डी नेतृत्वाखाली आपल्याला जागा नाही असं वाटत होतं, तर मागास जातींना तिकिटं मिळत नव्हती. रामारावांनी डॉक्टर, वकील, पदवीधर अशी नवखी माणसं उभी केली. जातीचं गणित होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या त्या गणितातून दोनशे जागा निघत नाहीत.

यातली आम्हाला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट तांदळाची आहे. रामारावांनी दोन रुपये किलो तांदूळ द्यायचं वचन दिलं. विजयभास्कर रेड्डी हुशार. त्यांनी निवडणुकीच्या आधीच रेशनवर एक रुपया नव्वद पैशांनी तांदूळ सुरू केला. दहा पैसे स्वस्त, आणि वचन नव्हे, प्रत्यक्ष हातात! अर्थशास्त्राच्या पुस्तकातला मतदार असता तर तो काँग्रेसकडे जायला हवा होता. तो गेला नाही. दहा पैशांचा फरक कळत नाही इतका तो अडाणी होता का? आम्हाला वाटतं, त्याला नेमकं कळलं होतं. एवढी वर्षं सत्ता असताना जे सुचलं नाही ते पराभव दिसल्यावर सुचलं, म्हणजे हा तांदूळ भीतीपोटी आलेला आहे. भीती गेली की तांदूळही जाईल. निराश मतदार किंमत पाहतो, पण ती कोण सांगतोय हे आधी पाहतो. त्याने ऐकणंच बंद केलेलं असेल तर तुम्ही काहीही देऊ करा.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही निराश आणि उदासीन यांत फरक करायला शिकवत असू. उदासीन माणसाला अपेक्षाच नसते. निराश माणसाला ती असते, म्हणूनच तर तो दुखावलेला असतो. १९७७मध्ये सगळा देश उलटा गेला असताना काँग्रेसला धरून राहिलेला आंध्रचा मतदार दुखावला गेला होता. त्याचं मन रामारावांनी काँग्रेसपासून तोडलं नाही. ते काम दिल्लीने केलं होतं.

पण मग रामारावच कशाला? दुखावलेला मतदार जुन्या विरोधकांकडे का गेला नाही? याचं उत्तर शेजारी सापडतं. ५ जानेवारी १९८३, त्याच दिवशी कर्नाटकातही मतदान होतं. तिथेही काँग्रेस पहिल्यांदाच सत्तेबाहेर गेली. मात्र तिथे मुख्यमंत्री झाले रामकृष्ण हेगडे, राजकारणात मुरलेले, पूर्वीचे काँग्रेसवालेच. म्हणजे नाराजी तीच, पण तिथे जनता पक्षाचं घर पडझडीतही उभं होतं. आंध्रात १९७८मध्ये जनता पक्षाचे साठ आमदार आले होते, पण पाच वर्षांत तो पक्ष विरून गेला. कम्युनिस्ट फुटलेले आणि काही जिल्ह्यांपुरते उरलेले. विरोधी पक्षाची खुर्ची रिकामी होती. आपल्या महाराष्ट्रातही तेव्हा अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले, वर्षभरात तेही जाऊन वसंतदादा आले. दिल्लीचा खेळ तोच. पण इथे नाराज माणसाला जायला शरद पवार होते, शेकाप होता, मुंबईत शिवसेना होती. रिकामी खुर्ची नव्हती, म्हणून कुणी रामाराव निघाला नाही. २००९मध्ये चिरंजीवींचंही तेच झालं. सत्तेची आणि विरोधाची, दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या.

आता पुढचा भाग. आमच्या मते रामारावांनी मतदार खऱ्या अर्थाने जिंकले ते निवडणुकीत नव्हे, ऑगस्ट १९८४मध्ये. अमेरिकेत हृदयाची शस्त्रक्रिया करून ते परत आले आणि लगेच, १६ ऑगस्टला, राज्यपाल राम लाल यांनी त्यांचं सरकार बडतर्फ करून त्यांच्याच मंत्रिमंडळातले नादेंडला भास्कर राव यांना मुख्यमंत्री केलं. बहुमत रामारावांकडे होतं. आजारी माणूस चाकाच्या खुर्चीतून आमदारांना घेऊन राष्ट्रपती भवनात गेला. फोडाफोडी होऊ नये म्हणून आमदारांना कर्नाटकात हेगड्यांच्या आश्रयाला ठेवलं. इकडे राज्यभर बंद, मोर्चे, गोळीबार. महिन्याभरात राम लाल गेले, शंकर दयाळ शर्मा राज्यपाल झाले आणि १६ सप्टेंबरला रामाराव परत मुख्यमंत्री. हे लोक रस्त्यावर कशासाठी आले? नटासाठी येतील तितके आले असतीलच, पण आपण दिलेलं मत कुणीतरी परस्पर पुसलं, हा राग त्याहून मोठा होता. त्या डिसेंबरात इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसला लोकसभेत चारशेच्या वर जागा मिळाल्या. आंध्रात मात्र ४२पैकी ३० तेलुगू देसमला. एक प्रादेशिक पक्ष लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला.

कामंही झाली, ती सांगायला हवीत. गावातली वंशपरंपरागत करणम-मुनसबांची, तेलंगणात पटेल-पटवाऱ्यांची सत्ता १९८४मध्ये संपवली. मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा १९८५पासून लागू झाला. आपल्याकडे महाराष्ट्रात हाच हक्क यायला १९९४ उजाडावं लागलं आणि साऱ्या देशात २००५.

आणि तरीही १९८९मध्ये ते हरले. विधानसभेत काँग्रेसला १८०च्या वर जागा. लोकसभेला तेलुगू देसमचे दोनच खासदार. स्वतः रामाराव कल्वकुर्तीत पडले, हिंदूपूरने वाचवलं. त्याच निवडणुकीने दिल्लीत राष्ट्रीय आघाडीचं सरकार आणलं, आणि तिचे अध्यक्ष होते रामाराव! कारणं बरीच सांगता येतील. निवृत्तीचं वय ५८वरून ५५वर आणल्याने कर्मचारी आधीच दुरावले होते. एका हाताने स्वस्त तांदूळ आणि दुसऱ्या हाताने ‘वारुणी वाहिनी’तून गावोगाव सरकारी दारू, म्हणजे घरात आलेला पैसा गुत्त्यावर परत. पण आमची बोट ठेवण्याची जागा वेगळी आहे. १९८९च्या सुरुवातीला अर्थसंकल्प फुटल्याचं कारण देऊन रामारावांनी आपलं सगळं मंत्रिमंडळ एका फटक्यात काढून टाकलं. सगळं. दिल्लीकर मुख्यमंत्री पानासारखे बदलतात म्हणून ज्याचा पक्ष जन्मला, त्याने हे केलं. बेगमपेटवर जे अंजय्यांच्या वाट्याला आलं, ते आता तेलुगू देसमच्या प्रत्येक मंत्र्याच्या वाट्याला आलं, आणि झापणारा तेलुगूच होता.

माक्स वेबर म्हणतो की करिश्मा कधीतरी नियमांत, संस्थेत उतरवावा लागतो. रामारावांचा पक्ष नियमांवर नाही, नात्यांवर उतरला. जावई चंद्राबाबू नायडू १९८३मध्ये काँग्रेसतर्फे लढून पडले होते. मग ते सासऱ्यांच्या पक्षात आले आणि संघटना हळूहळू त्यांच्या हातात गेली. १९९४मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटापासून पेटलेल्या बायकांच्या दारूविरोधी चळवळीच्या बळावर, दारूबंदीचं आणि पुन्हा दोन रुपये तांदळाचं वचन देत, रामाराव २१६ जागा घेऊन परतले. नऊ महिन्यांत, ऑगस्ट १९९५मध्ये, पत्नी लक्ष्मी पार्वती यांच्या वाढत्या दबदब्याचं कारण पुढे करून जावयाने आमदार हैदराबादच्या व्हाइसरॉय हॉटेलात नेऊन ठेवले. रामाराव पुन्हा चैतन्य रथम् घेऊन हॉटेलच्या दारात गेले. त्यांच्या दिशेने चपला आल्या.

या वेळीही मत लोकांनी त्यांनाच बघून दिलेलं होतं, आणि या वेळीही ते परस्पर फिरवलं गेलं. अकरा वर्षांपूर्वी राज्य बंद पडलं होतं. या वेळी दुकानं उघडी राहिली, एसटी चालू राहिली, आणि १ सप्टेंबरला नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. १८ जानेवारी १९९६ला रामाराव गेले. अंत्ययात्रेला मात्र लाखो लोक आले होते.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.